सापडलं ते काळं

"बस आली," असं आमच्या सरांना सांगायची सोय नव्हती. कॉम्प्युटरवरची नजर न काढता ते विचारायचे, "बघितली, का धरून चाललीस?"

"हॉर्न ऐकू आला ना, सर."

"मग हॉर्न आला म्हण की."

तोवर बस गेलेली असायची आणि मी बॅग खांद्याला अडकवून जिन्यावर उभी. माझं गाव पार कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. संध्याकाळची शेवटची बस चुकली की वडापची जीप शोधत उमरग्याच्या चौकात तास तास उभं राहायचं. आमच्या घरात सगळे कानडी बोलतात, पण भांडायला मला मराठी बरी पडते, आणि तिचा सगळा सराव मी या माणसावर केला. ते ऐकून घ्यायचे. ऐकून झालं की म्हणायचे, "ह्यातलं निम्मं पांढरं हाय."

पांढरं म्हणजे काय, ते सांगते.

हायवेला लागून एक टायरचं दुकान होतं, त्याच्या डोक्यावर सरांच्या दोन खोल्या. ट्रकच्या बॉडीचं ड्रॉइंग, गोडाऊनच्या शेडचं ड्रॉइंग, असली कामं. मी डिप्लोमा करून तिथं गेले तेव्हा त्यांनी मार्कशीट बघितली नाही. एवढंच विचारलं, "तुला अंदाज चांगला येतो का?" मी छाती काढून म्हटलं, "येतो." तर म्हणाले, "मग तुझं अवघड हाय."

त्याच सुमारास त्यांना ते रोमन नावांचं, म्हणजे होड्यांचं, काम मिळालं. परदेशातल्या एका म्युझियमकडं नदीच्या गाळात सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या नावा होत्या. एकेका फळीचं स्कॅनिंग त्यांनी करून ठेवलेलं. ते तुकडे कॉम्प्युटरवर साफ करायचे, जुळवायचे आणि नाव पाण्यावर असताना कशी दिसत असेल ते उभं करायचं. काम पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं, आणि कंपनीनं ते आमच्या गळ्यात घातलं. आमच्याइतकं स्वस्तात करणारं दुसरं कुणी नव्हतं, बाकी काही कारण नाही. सरांना मात्र वाटायचं, ती नाव आपली वाट बघत चिखलात पडली होती.

मला वाटलेलं, रोमन म्हणजे राजे, लढाया, सोन्याचे मुकुट. निघालं काय, तर वाळू आणि दगड वाहायची चपट्या तळाची नाव, एक मासे धरायची आणि एक माणसं पलीकडं न्यायची. माझा चेहरा पडला. सर खूश. म्हणाले, "राजाचं जहाज कुणीबी जपतंय. हिला कोण जपणार? चिखलानं जपली."

त्या म्युझियमचा एक नियम होता. जे लाकूड खरोखर सापडलंय ते चित्रात काळं दाखवायचं. ह्या अंगाला फळी आहे म्हणजे त्या अंगालाही असणार, असं पुराव्यावरनं ठरवलं तर ते करडं. आणि निव्वळ अंदाज असेल तर पांढरं. नियम साधा. पण सरांनी तो असा उचलला की पुढं त्यांच्या तोंडात दुसरं काही राहिलं नाही. घरमालक म्हणायचा, "उद्या नळाला पाणी येतंय." सर म्हणायचे, "पांढरं." एका ट्रकमालकाला त्यांनी बॉडीचं ड्रॉइंग दिलं, त्यात मागचा फाळका पांढरा सोडलेला. तो माणूस जिना दणाणत वर आला.

"ओ सर, माझा फाळका कुठं गेला?"

"तुमी माप दिलं न्हाय."

"अवो, सगळ्या ट्रकाला असतो तसा असंल की!"

"असंल. म्हणूनच पांढरा."

तो गडी परत आमच्याकडं आला नाही. खालचा चहावाला तर वर ओरडायचा, "सर, चहा काळा पाठवू का करडा?" सगळी लाइन हसायची. सर हसायचे नाहीत. "दूध घालताना तू बघितलंस ना? मग काळा," असं गंभीरपणे सांगायचे.

दुपारी काकू डबा घेऊन यायच्या, म्हणजे सरांची बायको. ठेंगणी, गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जिना चढून आल्या की आधी दम घ्यायच्या, मग नवऱ्याच्या हातातला माउस काढून बाजूला ठेवायच्या. तसं केल्याशिवाय हा माणूस जेवायचा नाही. मूलबाळ नव्हतं. मला त्या पोरी म्हणायच्या आणि माझ्यासाठी शेंगाची चटणी वेगळी आणायच्या, तिखट कमी घातलेली. मी तिखट खाते हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एकदा त्या टेबलावरच्या चित्राकडं बघत बसल्या होत्या. कुठं काळं, कुठं करडं, मधी मोठमोठे पांढरे पट्टे. मी त्यांना रंगांचा अर्थ सांगितला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, तो भाकरी मोडत होता. मला म्हणाल्या, "ह्येंचा माझ्यावर जीव हाय का न्हाय, ते पांढरं हाय बघ पोरी. इतकी वर्सं झाली, पुरावा घावला न्हाय."

मी खो खो हसले. सर भाकरी खात राहिले.

काम करायची त्यांची पद्धत विचित्र. दोन हजार वर्षं गाळाखाली राहून फळ्या चेपून सपाट झालेल्या, पिळवटलेल्या. कॉम्प्युटरवर त्या कशाही वाकवता येतात. सर म्हणायचे, तीच गोम आहे. कॉम्प्युटर न्हाय म्हणत न्हाय, लाकूड म्हणतं. मग ते खाली जाऊन टायरवाल्याकडनं पुठ्ठ्याची खोकी आणायचे, एकेक फळी मापानं कापायचे आणि टाचण्यांनी जोडून बघायचे. पुठ्ठा जिथं मुरडायला नाही म्हणेल तिथं थांबायचं. जुन्या सुतारांनी फळ्यांच्या कडांना खाचा पाडल्या होत्या, खाचेत लाकडाची जीभ बसवून वरनं खुंटी मारलेली, म्हणजे फळीला फळी धरून राहावी. त्या प्रत्येक खुंटीचं भोक सर पुठ्ठ्याला पाडायचे. टेबलावर, कपाटावर, पाण्याच्या जारवर पुठ्ठ्याच्या नावा. काकू झाडायला लागल्या की ओरडायचे, "ती हलवू नको, ती तेराव्या फळीवर अडकलीया!"

आणि गंमत अशी, की हा माणूस जन्मात कधी नावेत बसला नव्हता. पोहायला येत नव्हतं. पाण्याला भ्यायचा.

एकदा त्या पलीकडं नेणाऱ्या नावेच्या फळ्या साफ करताना पुढच्या अंगाला दोन जागा झिजलेल्या दिसल्या. पाय रोवून रोवून झाल्यासारख्या. सरांनी हात थांबवला. म्हणाले, "इथं माणूस उभा ऱ्हायचा. लांब काठी लावून नाव ढकलायचा." कितीतरी वेळ ते त्या दोन खळग्यांकडं बघत बसले. मी म्हटलं, "मग माणूस काढू का एक? चित्र जिवंत दिसेल."

"पाय सापडल्यात. माणूस न्हाय सापडला."

"पाय काय एकटेच नाव चालवायला आलेले?"

"पोरी, उभं ऱ्हायल्याची खूण ऱ्हाती. कोण उभं होतं त्येची न्हाय ऱ्हात." हे ते अगदी सहज बोलले. पुढं ते खोटं ठरलं, आणि तेही त्यांच्याच हातानं.

रविवारी एसटीनं ते तेरला, रोमशी व्यापार करणाऱ्या जुन्या गावाला, जायचे. तिथल्या म्युझियममधले मातीचे दिवे, मणी, हस्तिदंती बाहुली बघत उभे राहायचे. मलाही एकदा घेऊन गेले. इथला माल बैलांवर लादून बंदरापर्यंत जायचा, तिथनं मोठ्या जहाजात, आणि समुद्रापलीकडं उतरला की आपण जोडतोय तसल्या नावेतनं पुढं, असं ते मला समजावत होते. शेजारी एक गृहस्थ बायकापोरांना सांगत होते, "इथं पूर्वी रोमन लोक राहायचे बरं का!" सर त्यांच्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "पांढरं!" त्या गृहस्थानं आपल्या शर्टाकडं बघितलं. यव्वा, मला कुठं तोंड लपवू असं झालं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. आत्तापर्यंत टाळलंच.

सरांचं गाव एका धरणाच्या पाण्याकाठी आहे. नाव लिहीत नाही, गावाला आधीच पुरे झालंय. धरण झालं तेव्हा त्यांच्या घरची काळी जमीन पाण्याखाली गेली. पलीकडच्या काठावर थोडं माळरान राहिलं. तिकडं जायला एक लांबचा फेऱ्याचा रस्ता, नाहीतर पाण्यावरनं चप्पू. प्लास्टिकचे ड्रम आणि त्यावर आडवेउभे बांबू बांधून केलेल्या तराफ्याला आमच्याकडं चप्पू म्हणतात. तो मारुती चालवायचा. गावातलाच गडी, सरांच्या घरी लहानपणापासनं येणारा.

मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्या भागात येळवस असते. त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोपी करायची, आत पांडवांची पूजा मांडायची, भज्जी आणि उंडे खायचे, ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना जेवायला ओढायचं. आणि मडक्यातली आंबील "ओलगे, ओलगे" म्हणत रानात शिंपडायची. त्या आंबिलाच्या मडक्याला बिंदगी म्हणतात. सरांच्या गावची रीत अशी, की बिंदगी घरातनं डोक्यावर घेतली की कोपीत नेऊनच उतरवायची. वाटेत टेकवायची नाही, काय वाट्टेल ते होवो.

दरवर्षी सर काकूंना मोटारसायकलवर बसवून फेऱ्याच्या रस्त्यानं न्यायचे. त्या साली ती पलीकडं नेणारी नाव पुण्याला द्यायची तारीख गळ्याशी आली होती. सर म्हणाले, मी येत न्हाय. काकू रागावतील असं मला वाटलं. उलट त्यांचा चेहरा खुलला. आदल्या दिवशी डबा ठेवताना मला म्हणाल्या, "बरं झालं गं. औंदा चप्पूवरनं जाते. गाडीवरनं गेलं की आमचं जुनं रान वाटंत लागतच न्हाय. पाण्याखाली गेलं म्हणून का त्येला येळवस नको?"

सर टाचणी लावत होते. त्यांनी ऐकलं असेल किंवा नसेल.

येळवसेच्या दुपारी फोन आला. मी समोर होते. सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्या फोनवरच्या माणसाला तेच विचारलं जे सगळ्या जगाला विचारायचे. "बघितलं, का धरून चाललास?"

 पलीकडनं काहीतरी दोन शब्द आले. सरांनी फोन ठेवला, फाईल सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद केला आणि टेबल धरून उभे राहिले. गाडी मी चालवली.

चप्पूवर तिघंच होते. मारुती, काकू आणि शेजारच्या तात्यांची नवी सून, सासरची तिची पहिलीच येळवस. शिवाय पाट्या, गाठोडी, बिंदगी. बाकीची मंडळी आधीच्या खेपेत पलीकडं पोचली होती आणि कोप्यांच्या आडोशाला चुली पेटवत होती. चप्पू उलटला ते काठावरनं कुणीच बघितलं नाही. मारुतीनं हाका मारल्या, बुड्या मारल्या, थंडीनं त्याचे ओठ काळेनिळे झाले. दोघींतली एकही त्याच्या हाताला लागली नाही, दोघी बुडाल्या.

पोलिसांनी त्याला नेलं. तो एकच बोलत होता, "माझंच चुकलं." मग काय, गावानं बाकीचं भरून काढलं. दोर कुजका होता. ड्रम गळका होता. बक्कळ माल भरला. प्रत्येकाला नवीन काहीतरी आठवायला लागलं. सगळ्यांत पुढं तात्या. तात्या आणि सर एका भिंतीला घर असलेले, एका पाटीवर शिकलेले. तेराव्याला सगळे बसले होते तेव्हा सर मधीच म्हणाले, "ड्रम गळका होता, हे कुणी बघितलं?"

तात्या ताडकन उठले. "बायकू घालवून बसलास आन् इच्यारतोस, कुणी बघितलं? मानूस हाईस का कोन हाईस?"

 मलाही सरांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. असल्या वेळी तरी माणसानं रडावं. हा माणूस रडत नव्हता.

उलटा होऊन वाहत गेलेला चप्पू पाण्यात बुडालेल्या बाभळींत कुठंतरी अडकला होता; चैत्रात पाणी हटलं आणि तो गाळात रुतलेला दिसला. मारुती तोवर जामिनावर सुटून घरी तोंड लपवून बसला होता, कोर्टात केस उभी राहिलेली. सरांचा मला फोन आला, "मोबाईल चार्ज करून ये. कुणी हात लावायच्या आत." त्यांनी आधी फौजदारांना सांगून एक शिपाई सोबत घेतला होता. आम्ही गुडघाभर गाळात त्या चप्पूभोवती फिरत फोटो घेतले, म्युझियमची माणसं घेतात तसे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग येईल असे. मग सर खाली वाकले आणि एकेक गाठ बोटानं चाचपायला लागले. दोर कुठंच तुटला नव्हता. ड्रमची झाकणं घट्ट, आत पाण्याचा थेंब नाही. मला इतका आनंद झाला! मी ओरडले, "सर, मारुती सुटला!"

 सर उजव्या कडेला बसले होते. दोन बांबूंच्या फटीत बिंदगीचा तुटका काठ अडकला होता. त्यावर काकूंनी काढलेली काव आणि चुन्याची वेल, थोडी पुसट झालेली. आणि त्याच्याच खाली, बिंदगीसाठी डोक्यावर ठेवायची, गाळानं घट्ट झालेली चुंबळ. काकूंनी ती सरांच्या जुन्या निळ्या चौकड्याच्या शर्टाची केली होती. त्या शर्टात त्यांना मी किती वर्षं बघितलेलं.

चप्पू उलटल्यावर बिंदगी पडली असती तर पाण्यात गेली असती, फटीत रुतली नसती. ती आधी फुटली. कडेवर फुटली. म्हणजे ती डोक्यावर घेतलेलं माणूस चप्पू उलटायच्या आधी त्या कडेला उभं होतं. हे मला कळायला जेवढा वेळ लागला त्याच्या आधी सरांना कळलं होतं. ते उठले. शिपायाला हाक मारून म्हणाले, "हे बी लिहून घ्या."

आमच्या खोल्यांवर परत येऊन आम्ही चप्पू कॉम्प्युटरवर उभा केला. रोमन नावेचं करायचो तसंच, पाण्यावर ठेवायचा, माल भरायचा, किती कलतोय बघायचं. त्यासाठी वजनं लागतात. मारुतीचं मिळालं, पाट्यांचं मिळालं. तात्यांच्या घरी विचारायची तर सोयच नव्हती, सुनेचं वजन माहेरच्यांकडनं कळलं. मग सर माझ्याकडं वळले.

"पोरी, तुझ्या काकूचं वजन किती असंल गं?"

मला काय माहीत! मी म्हटलं, "अंदाजानं टाका ना सर." आणि जीभ चावली. त्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी उमरग्याच्या एका दवाखान्याचा कागद निघाला, काकू बीपी दाखवायला गेल्या होत्या तेव्हाचा. त्यांनी आकडा वाचला, "सापडलं" म्हणाले, आणि टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडायला लागले. "संसार केला की गं इतकी वर्सं. आन् मला ठाव न्हवतं, ती केवढी हाय ते."

सगळे बसलेले असताना चप्पू ढिम्म हलत नव्हता. काकूंना बिंदगीसकट उजव्या कडेला उभं केलं की कड पाण्याला लागायची. सून त्यांच्याकडं सरकली की उलटायचा. कितीही वेळा करा, तसंच.

मी तिथं सरांशी भांडले, आयुष्यात कुणाशी भांडले नाही एवढी. म्हटलं, मेलेली बाई उत्तर द्यायला येणार नाही, म्हणून तिच्यावर ढकलताय? दोर शाबूत आहे, ड्रम शाबूत आहेत, एवढं सांगा की! कोण उभं होतं ते करडं ठेवा. पांढरं ठेवा. गाव तिच्या नावानं थुंकेल, सर.

सर म्हणाले, "दोर सापडला ते सांगू आन् बिंदगी सापडली ते न सांगू?"

"हो! काय बिघडलं?"

"मग उलटला कशानं, हे कोर्ट इच्यारील. आन् बोट मारुतीकडंच जाईल." थोडं थांबून म्हणाले, "ती गेली पोरी. मारुती जिवंत हाय."

 त्या बोलण्याचा मला अजून राग येतो.

आम्ही मारुतीकडं गेलो. सरांनी त्याच्यापुढं लॅपटॉप उघडला. चित्रातली ती उभी बाई बघितली आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. "म्या म्हनलं व्हतं, वयनी, बसा. त्या म्हनल्या, 'आरं मारुती, आमचं रान आलं खाली, दोन थेंब टाकू दे त्येला.' बिंदगी डोईवरच घिऊन उठल्या, आन् वाकल्या. त्येंचा तोल जातुया बघून तात्याच्या सुनंनं पदर धराया झेप घेतली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"गेलेल्या मानसाचं काय सांगू, दादा? त्येंच्या हातची भाकर खाल्लीया म्या."

फौजदार आधी हसले. "सर, हे कार्टून मी कुठं लावू?" दोनदा चालवून बघितल्यावर हसायचे थांबले. पुढं कोर्टात तारखा पडत गेल्या, त्या सगळ्या सांगत नाही. मारुती सुटला.

पण त्याच्या आधी सरांनी स्वतः ते चित्र गावात नेलं. देवळापुढच्या पारावर लॅपटॉप ठेवला. मी म्हटलं, गरज काय? तर म्हणे, कोर्टातनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळू दे. चप्पू काळा. बसलेला मारुती करडा. सून करडी, कारण तिची खूण कुठं सापडली नव्हती, मारुतीचं बोलणं तेवढं होतं. कडेला उभी बाई काळी, कारण तिची चुंबळ सापडली होती; डोक्यावर बिंदगी.

तात्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "ही काळी कोन?"

"माझी बायको."

"म्हंजी तुझ्या बायकूनं माझी सून नेली."

 मला वाटलं, आता तरी सर म्हणतील, रीत होती, नशीब होतं, देवाची मर्जी. एवढं म्हटलं असतं तरी गावानं ऐकून घेतलं असतं. आपल्याकडं त्यावरच तर सगळं निभतं.

सर म्हणाले, "व्हय, तात्या."

तात्या उठून गेले. त्या दिवसापासनं त्या घराचं या घराशी बोलणं नाही. बायका पाण्याला जाताना सरांच्या दारापुढं मान वळवतात. मारुतीला मात्र हळूहळू सगळ्यांनी जवळ केलं. त्याचं बरं झालं, हे मी मनापासनं म्हणते. पण काकूंचं नाव घेतलं की गावात अजून कुणीतरी थुंकतं, आणि ते मी स्वतः बघितलंय.

रोमन नाव आम्ही मुदत वाढवून घेऊन, पूर्ण करून पाठवली. पुढच्या फळीवरचे ते दोन खळगे काळे. वर माणूस नाही. त्यानंतर सरांनी त्या दोन खोल्या माझ्या हवाली केल्या आणि गावी गेले. पुठ्ठ्याच्या नावा इथंच आहेत. मी झाडते, पण हलवत नाही.

गेल्या येळवसेला त्यांनी मला बोलावलं. पाण्यापाशी गेले तर मारुती आणि ते, अपघातानंतर दोघांनी बांधलेला चप्पू घेऊन उभे. आधीच्यापेक्षा रुंद, चारी बाजूंनी कठडा. मधोमध एक लाकडी ठोकळा, त्यात बिंदगी बसेल एवढी गोल खाच, जुन्या नावेत डोलकाठी रोवायला असायची तशी. गावातल्या बायकांना त्यांनी सांगून बघितलं होतं, ही जमीन न्हाय, हितं टेकवलं तर रीत मोडत न्हाय. कुणी आलं नाही. सगळं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून फेऱ्याच्या रस्त्यानं गेलं. तात्याही त्यातच, पाठ करून बसलेले.

आम्ही तिघं निघालो. हा पाण्याला भिणारा माणूस कठडा मुठीत गच्च धरून बसलेला, बोटं पांढरी पडलेली. मला बसायला उजवी कड बरी दिसली म्हणून सरकले.

"तिथं नको," सर म्हणाले.

तिथं एक पोतं होतं, बांबूंना चारी बाजूंनी बांधून टाकलेलं. मी हात लावून बघितला, वाळू. म्हटलं, तोलासाठी?  सर पाण्याकडं बघत होते. मारुतीच माझ्याकडं झुकून हळू आवाजात बोलला, "वयनीयेवढी हाय. बरुबर तेवढीच. दर साली दादा सवता काट्यावर तोलून भरत्यात."

पाण्याच्या मधोमध मारुतीनं वल्हं थांबवलं. खाली त्यांचं जुनं रान होतं, पण मला दिसत होतं नुसतं हिरवं पाणी. सरांनी बसल्या जागेवरनं बिंदगीत हात घातला आणि आंबील पाण्यावर शिंपडली. "ओलगे, ओलगे," म्हणाले.  एरवी मागनं सगळे ओरडतात. तिथं मारुती आणि मी. आम्हीच ओरडलो, आणि पलीकडच्या काठावरनं कुणी साद दिली नाही.

काकू, तुम्ही त्या दुपारी म्हणाला होतात ना, ते पांढरं हाय म्हणून? न्हाय हो काकू. मी बसले होते तिथं, त्या पोत्याच्या शेजारी. धरून चाललेली न्हाय मी. बघितलंय.